गुलाबी मलम

राजारामपुरी, कोल्हापूर
४ जानेवारी

आत्ती,

पाया पडलो असं समज. लांबून पडलेलं बरं, लाथ पोचत नाही.

फोन तू कापतेस. क्रांतीच्या मोबाईलवर केला तर मागनं तुझा आवाज येतो, "त्येचा आसंल तर ठेव खाली." म्हणून कागद. कागद तू टाकणार नाहीस. ऐकायचा नसला तरी गुलालाची पुडी बांधायला ठेवशीलच. क्रांते, नारळाच्या दुकानातनं उठून जरा शेजारी जा आणि हे आत्तीला वाचून दाखव. हळू वाच. तुझं वाचणं म्हणजे ब्रेक नसलेली एसटी.

मी कोल्हापुरात आहे. मधे दोन महिने वारणानगरला डेअरीत क्रेट उचलत होतो. मग बेळगावच्या एका टेम्पोवर. टेम्पोवाला बसवराज चांगला होता, त्यानं मला कानडीत शंभरपर्यंत आकडे शिकवले आणि आकड्यांपेक्षा जास्त शिव्या. पण ते असू दे. आता मी एका कातडीच्या दवाखान्यात केसपेपर लिहितो. इथं पाण्याचे जार टाकायला यायचो. एक दिवस काउंटरवरची मुलगी लग्न ठरलं म्हणून सोडून गेली आणि बाहेर ही गर्दी. डॉक्टरबाई म्हणाल्या, लिहिता येतं का? म्हटलं, अक्षर बरं आहे. आपल्या दुकानाची पाटी तू माझ्याकडनं तीनदा पुसून रंगवून घेतलीस, ते कामाला आलं. डॉक्टर शिवलीला त्यांचं नाव. बोलतात कमी, चष्म्यावरनं बघतात जास्त.

इथं निम्मी माणसं तोंडावरच्या डागांची येतात. मॅडमचं म्हणणं, डाग सगळे एक नसतात. गालावर, कपाळावर, ओठाच्या वर नकाशासारखं पसरतं ते वांग. बायकांना जास्त. ऊन लागलं की आणखी काळं. आणि पन्नाशीच्या पुढं कानशिलाला, हाताच्या पालथ्या बाजूला मसुरीएवढे तपकिरी डाग उठतात ते उन्हाचे आणि वयाचे. तुला दोन्ही आहेत. गालांवर वांग, उजव्या कानशिलाला डाग. तीस वर्षं तू डोंगरावर देवळाच्या पायरीला उजव्या बाजूला गुलाल विकत बसतेस आणि दुपारी दोननंतर ऊन तिथंच येतं. मला हे आधी कधी सुचलं नव्हतं.

निम्मं औषध सावली, असं मॅडम सगळ्यांना सांगतात. उन्हात बसायच्या आधी लावायचं एक मलम असतं, ते रोज, तीन तासांनी परत. बाकीचं सगळं त्याच्या नंतर. म्हणून छत्री पाठवतोय. बाजारात टपरीवर लावतात तसली, लोखंडी पायाची. दुकानदार म्हणाला तीन माणसं मावतील. मी मापली नाही. दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिली आहे.

आणि ते गुलाबी मलम अजून लावतेस का? लावत असशील तर थोडे दिवस थांबव. तसं काही नाही. थंडी आहे म्हणून.

ऋतुराज


१९ जानेवारी

आत्ती,

छत्री त्याच कंडक्टरबरोबर परत आली. तो म्हणाला, "म्हातारी म्हटली, हितं सर्कस न्हाय." छत्री आता दवाखान्याच्या जिन्याखाली आहे. तिथं एक मांजर व्यालं आहे, चार पिल्लं, त्यातलं एक निम्मं काळं निम्मं पांढरं. मॅडमनी त्यालाही चष्म्यावरनं बघितलं.

छत्रीच्या दांड्यात क्रांतीची चिठ्ठी होती. क्रांते, तुझं अक्षर मुंगीसारखं आहे पण कळलं. तुझ्या चिठ्ठीतलं असं: आत्तीनं माझं ऐकून नव्हे, तर डबी संपली म्हणून दोन दिवस मलम लावलं नाही. तोंड भडकलं. आग आग. मग मागच्या फळीवरची नवी डबी काढली, लावली, गार वाटलं. आणि आत्ती म्हणते, "देवाचं हाय. सोडलं की कोप हुतोय. त्येला म्हणावं, तोंड घालू नगं."

मी मॅडमना विचारलं. ओळखीच्या एक बाई आहेत, असं म्हणून विचारलं. मॅडम केसपेपरवर लिहीत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "त्यात स्टेरॉइड असणार. पहिला महिना तोंड उजळतं, शेजारीण विचारते काय लावतेस. मग कातडी पातळ होते. लाल शिरा दिसतात, पुरळ येतं, बारीक केस येतात, उन्हात आग होते. थांबवलं की आणखी पेटतं, म्हणून माणूस परत लावतं. दारूचं असतं तसंच. त्या बाईंना घेऊन ये."

म्हणजे आत्ती, तो कोप नाही. मलमाची सवय आहे ती.

मी तुला सांगितलं होतं की मलम हातकणंगल्याच्या मोठ्या डॉक्टरचं आहे. तसं नाही. डॉक्टर नव्हता. दुकानातलं होतं.

इथं सगळ्याला उपाय आहेत, फक्त घाईला नाही. परवा प्रभुलिंग मास्तर म्हणून एक आले, निवृत्त. हातावरचे डाग लेसरनं काढून टाका म्हणाले. का, तर नातू मांडीवर बसून रोज ते मोजतो आणि रोज एक वाढला म्हणतो. मॅडमनी सांगितलं, लेसरनं निघतात, गार वायूनंही गोठवता येतात. पण आपल्या सावळ्या कातडीवर तीच जागा उलट काळी पडू शकते, नाहीतर पांढरा ठिपका राहतो. जाणत्या हातानं, आधी एवढ्याशा जागी करून बघायचं. आम्ल लावून वरचा थर सोलतात तेही तसंच. वांगाला तर सगळ्यात आधी सावली आणि साधी मलमं, तीही डॉक्टर म्हणेल तेवढेच आठवडे, आणि गेलं तरी उन्हाबरोबर परत येऊ शकतं. मास्तरांनी सगळं ऐकलं, हात पालथा केला, परत उलटा केला आणि म्हणाले, "पोराला मोजणी तरी पक्की येईल." ऊन लागू नये म्हणून लावायचं मलम घेऊन गेले.

चैत्रीच्या यात्रेला अडीच महिने उरले. गेल्या चैत्रीला काय झालं ते तुला माहीत आहे. मी लिहीत नाही.

एकदा येऊन जा. मी काउंटरवर नसेन असं बघतो पाहिजे तर.

ऋतुराज


९ फेब्रुवारी

आत्ती,

काल रविवारी देवाचा पहिला खेटा झाला. पहाटेपासनं माणसं इथनं चालत डोंगराकडं जात होती. एकानं मला विचारलं, "पावणं, येताय न्हवं?" मी म्हटलं, बूट चावतोय. पायात चप्पल होती.

गुरुवारी तानाबाई आली होती. तुझ्या दुकानासमोर फुलं विकते तीच. माझ्या तोंडाला मास्क होता, तिनं ओळखलं नाही. मी नाव लिहिलं, वय लिहिलं. आत तिनं पदर काढला. दोन्ही गाल लाल, उकडलेल्या रताळ्यासारखे. मॅडमनी विचारलं काय लावता. तिनं पिशवीतनं गुलाबी मलमाची डबी काढली, आधी कपाळाला लावली आणि मग टेबलावर ठेवली.

मॅडमनी वास घेतला. "हे गुलाबी का आहे?"

"देवाचं हाय म्हणून."

"कुणी दिलं?"

"धोंडुबाईकडं मिळतंय, डोंगरावर. बाई लई चांगली हाय वो. तिला काय म्हणू नगा. माझीच चुकी, मी मधी चार दिस खंड पाडला."

मॅडम मला म्हणाल्या, लिही. तुझं नाव ऐकूनही मी लिहिलं, मलम: माहिती नाही.

आता नीट वाच क्रांते, आणि मधे थांबू नको.

मलम दुकानातलं नव्हतं. दुकानातनं मी तीन ट्यूब आणायचो. एक गोरं व्हायची, एक खाजेची, एक मुरमांची. हातकणंगल्याला स्टेशनजवळ एका पार्लरमधे मी पंधरा दिवस फरशी पुसायला होतो, तिथं कालवताना बघितलेलं. किती कुठलं हे नीट बघितलं नव्हतं, मधेच गाडी यायची आणि मी गाडी बघायला जायचो. डोंगरावर तुझ्याकडं परत आल्यावर मी ते आपल्या गुलाल चाळायच्या परातीत कालवलं. रंग पिवळट आला. घाण दिसत होता. म्हणून मी त्यात चिमूटभर गुलाल टाकला. तेवढ्यानं ते देवाचं झालं. मी तसं म्हटलं नव्हतं. कुणी विचारलं तेव्हा नाही असंही म्हटलं नव्हतं.

पहिली डबी तुला दिली कारण त्या दिवशी एका गिऱ्हाइकानं पोराला सांगितलं होतं, "त्या काळ्या तोंडाच्या म्हातारीकडनं घे." तू हसलीस. दुपारी आरशापुढं जरा जास्त वेळ उभी राहिलीस. मी बघत होतो.

तुझं तोंड उजळलं आणि बायका विचारायला लागल्या. मग चाळीस डब्या केल्या. तूच त्या फळीवर नीट लावून ठेवल्यास, अंगाऱ्याच्या शेजारी.

गेल्या चैत्रीला गर्दीत गुलाल उधळला आणि तुझ्या तोंडावर पडला. दरवर्षी पडतो. त्या वेळी दुपारपर्यंत तोंड सुजलं, पाणी यायला लागलं. तू दुकानाच्या मागं ओला टॉवेल टाकून पडलीस. मी म्हटलं, डॉक्टर आणतो. खरंच आणायला निघालो होतो. खाली वडापची जीप उभी होती, तीत बसलो, आणि जिथं उतरायचं तिथं उतरलो नाही. त्या संध्याकाळी क्रांतीच्या बापानं तुझं दुकान आवरून बंद केलं, हे मला वारणानगरला एकाकडनं कळलं.

शुक्रवारी मी मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी गेलो असतो, चप्पल दारातच होती. त्यांनी विचारलं, ट्यूब कुठल्या, त्यांची नावं लिही. मी लिहिली. मग कोरा कागद दिला. म्हणाल्या, "आता बायकांची नावं. नोकरीचं नंतर बघू." मला सातच आठवली. डब्या चाळीस होत्या.

बाकीची तुलाच माहीत. म्हणून सांगतो, त्या सगळ्यांना सांगायला पाहिजे. लिंबू, हळद, साबण काही चोळू नका. आपल्या मनानं दुसरं काही लावू नका. इथं या, मॅडम हळूहळू सोडवतील. मला माहीत आहे तू सांगितलंस की तुझ्या दुकानाचं नाव जाईल. तीस वर्षांत तुझ्या गुलालात कुणाला भेसळ सापडली नाही. मी घातली ती मलमात. पण दुकान तुझं होतं.

चैत्री दोन एप्रिलला आहे. त्याच्या आत ये. ह्या तोंडावर परत गुलाल पडला तर मला लिहायला काही राहणार नाही.

ऋतुराज


१ मार्च

आत्ती,

हे तुला माहीत आहे, तू तिथंच होतीस. तरी लिहितो. तू बघितलंस ते वेगळं आणि काउंटरच्या आतनं दिसलं ते वेगळं.

काल अकरा वाजता दारात वडाप थांबलं आणि त्यातनं नऊ बायका उतरल्या. सगळ्यांचे पदर डोळ्यांपर्यंत. पेशंट सरकून बसले, त्यांना वाटलं मयताच्या आल्या. पहिली मल्लव्वा. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि माझ्यापुढं एक गुलालाची पुडी ठेवली. मी म्हटलं, हे काय? "उघड की."

उघडली. आत गुलाल नव्हता, नुसता रंग लागलेला. कागद माझाच. माझं अक्षर. 'आता नीट वाच क्रांते, आणि मधे थांबू नको.' झेरॉक्स होती.

दुसरीनं पण पुडी ठेवली. तिसरीनं पण. काउंटरवर आठ वेळा तेच पान, आठ वेळा गुलाबी बोटं.

मल्लव्वा म्हणाली, "मला वाचाय येत न्हाय. क्रांतीनं वाचून दावलं. धोंडुबाईनं डबी नेलेल्या एकेकीला हाक मारून पुडी दिली, म्हटली, गुलाल देवाला वहा आणि कागूद आपल्याजवळ ठेवा. यवडंच बोलली. लांबच्या गावच्या हायेत त्या चैत्रीला येतील, त्येंच्या पुड्या बांधून ठेवल्यात." मग माझ्याकडं वाकून, "काय रं डागदर, परात धुतलीस का न्हाय तवा?"

धुतली नव्हती. म्हणून त्या दिवशीच्या गुलालालाही वास होता. तू दोनदा हुंगून बघितला होतास.

तू सगळ्यांत शेवटी. मी सवयीनं विचारलं, नाव?

"लिव की तुझ्या मनानं. मलम बी मनानंच केलंस."

वय?

"गेल्या चैत्रीपातूर साठ हुतं. पुढचं मोजाय कोण हुतं घरात?"

मागं तानाबाई हसली आणि तोंड जळलं म्हणून ओय ओय करत बसली.

मग तू काउंटरवर हात ठेवलास. "डॉक्टर आणाय गेलतास न्हवं? अकरा म्हयनं लागलं. घावला व्हय?"

मी म्हटलं, घावल्या. आत आहेत.

"मग सांग जा तिला. म्हणावं, म्हातारी सोताच आलीया."

आत तू पदर काढलास. मी केसपेपरवर लिहिलं तेच इथं लिहितो. दोन्ही गाल लाल, शिरा दिसतात, हनुवटीला पुरळ, ओठाच्या वर बारीक केस. वांग गेलेलं नाही, लालीच्या खाली आहेच, आधी होतं त्यापेक्षा गडद. मॅडमनी भिंग लावून कानशिलाचा डाग बघितला. "हा नुसता वयाचा. राहू दे. वाढला, रक्त आलं, कडा वेड्यावाकड्या झाल्या तर लगेच दाखवायचा."

तू विचारलंस, "वयावर औषध न्हाय व्हय?"

"नाही."

"बरं झालं. न्हायतर ह्येनं त्येबी कालवलं आसतं."

मॅडम हसल्या. सहा महिन्यांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. मग औषधं सांगितली. साधं मऊ मलम, उन्हाचं मलम, आग कमी करायचं एक, पोटातल्या गोळ्या, आणि सगळ्याला तीन-चार महिने. पहिले दोन आठवडे वाईट जातील, तेव्हा डबीकडं हात जाईल. डब्या तू पिशवीतनं काढून टेबलावर ओतल्यास, सगळ्या उरलेल्या. आणि गुलाल ह्या वर्षी तोंडाला नाही, कपाळालासुद्धा नाही.

"गुलालाच्या दुकानात बसून? देव काय म्हणंल?"

"देव वर्षभर थांबेल," मॅडम म्हणाल्या. "कातडी थांबणार नाही."

मग केसपेपरवरचा तो रकाना आला, आधी काय लावलं, कुणी दिलं. मॅडम म्हणाल्या, लिही. मी पेन टेकवून थांबलो. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. भिंतीवरच्या कातडीच्या चित्राकडं बघत म्हणालीस, "लिव. माझ्या पोरानं."

लिहिलं. अक्षर बरं आलं नाही.

ऋतुराज


२१ मार्च

आत्ती,

मॅडमनी मला काढलं नाही आणि ठेवलं असंही म्हटलं नाही. म्हणाल्या, केसपेपर लिहायचे, कुठल्या औषधाचं नाव तोंडातनं काढायचं नाही. तानाबाईच्या कागदावरचं 'माहिती नाही' त्यांनी मला खोडायला लावलं आणि बाजूला सही करायला लावली. तुमच्या नऊजणींचे कागद वेगळ्या दोरीनं बांधून ठेवले आहेत. दर शनिवारी वडाप येतं तेव्हा तू बाहेरच्या बाकावर बसतेस आणि औषध मल्लव्वाच्या हातनं मागवतेस. चालेल. गाल गेल्या वेळेपेक्षा कमी लाल होते. हे मी काउंटरवरनं बघितलं, तपासलं नाही.

मंगळवारी बसवराजचा फोन आला. हुबळीची फेरी आहे, शेजारची सीट रिकामी आहे म्हणाला. मी पिशवी भरली. मग साबण तळाला गेला म्हणून सगळं परत उपसलं. उपसल्यावर भरलं नाही.

गेल्या शनिवारी छत्री मीच वडापच्या टपावर बांधली होती. तू बघितलंस आणि वडापमधे जाऊन बसलीस. परत येईल म्हणून मी जिन्याखालची जागा मोकळी ठेवली होती, मांजरं आता तिथनं हलली आहेत. आज क्रांतीनं फोटो पाठवला. पायरीच्या उजव्या बाजूला छत्री उभी, पायावर दगड. खाली परात, गुलालाचा ढीग, आणि परातीच्या शेजारी तू, अर्धं तोंड पदरात. खाली क्रांतीनं लिहिलं होतं, "आत्ती म्हणती, गुलालासाठी लावलीया. उन्हानं रंग उडतोय त्येचा. तुझ्यासाठी न्हवं."

बरोबर आहे. गुलाल उन्हानं फिका होतो आणि माणूस काळं होतं. हे मॅडमनाही सांगितलं, त्यांनी चष्म्यावरनं बघितलं.

फोटो मी मोठा करून बघितला. परात आणि तू मावलात. परातीच्या पलीकडं, दुकानाच्या बाजूला, छत्रीखाली हातभर जागा दिसते. तिथं तू काही ठेवलेलं नाहीस. चैत्रीला गिऱ्हाइकाच्या हातात गुलाल दुसऱ्या कुणीतरी दिला तर तुला मागं सावलीत बसता येईल, तोंडावर उडणार नाही. परात मी धुऊन देईन. चाळणी पण.

क्रांते, आत्तीला एवढंच विचार की ती हातभर जागा कशासाठी सोडली आहे, पोत्यासाठी का. पोत्यासाठी असली तर तसं लिही. काही लिहिलं नाहीस तर मी दोन एप्रिलला पहिल्या एसटीनं येतो.

ऋतुराज